शामराव गार्ड कशाला हसले

आमच्या मराठी मंडळाच्या ज्या सभेत मी सांस्कृतिक चिटणीस झालो, त्या सभेला मी हजर नव्हतो. हजर असतो तर दुसरं कुणीतरी झालं असतं. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं बेचाळीस, त्यातले सभेला येतात अकरा, आणि न आलेल्याला निवडून द्यायचं यावर त्या अकरांत कधी मतभेद होत नाहीत. मी सिग्नल खात्यात सीनियर सेक्शन इंजिनिअर आहे. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हद्दीतला एकही सिग्नल चुकून हिरवा झालेला नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे घडलं त्यावरून कॉलनीनं माझ्याबद्दल जे मत करून घेतलं, ते अन्यायाचं आहे.

मे महिन्यात मंडळाचं संमेलन असतं. मागच्या वर्षी मुलांचं नाटुकलं बसवलं होतं. त्यातल्या राजानं 'प्रधानजी, मला भूक लागला आहे' म्हटलं आणि प्रेक्षकांतल्या सात आयांनी एकदम 'लागली' म्हणून दुरुस्ती केली. राजा रडत घरी गेला. आमच्या मुलांचं मराठी हे असं आहे. माझी मुलगी प्रज्ञासुद्धा दर वाक्याला 'मतलब' लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. तेव्हा ज्यात भाषाच लागत नाही असा काही कार्यक्रम करता येईल का, या विचारात मी होतो आणि त्याच आठवड्यात मला तो डबा सापडला.

माइकचा स्टँड शोधायला मी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कॉलनीच्या क्लबच्या, स्टोअरमध्ये गेलो होतो. मोडक्या कॅरम बोर्डांच्या मागे एक जुना प्रोजेक्टर आणि त्याच्याजवळ पत्र्याचा चपटा गोल डबा होता. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'हास्यपट. मुका. बेट.'

मला फार आनंद झाला. असे चित्रपट मी लहानपणी पाहिले होते. त्या काळातल्या विनोदी माणसांना जहाज बुडण्याची फार सोय असे. जहाज बुडालं की दोघं बेटावर लागत. बेटावर वाळू, चार माड आणि एक माकड. नारळ पडायचा तो डोक्यावरच पडायचा. झोपडी बांधली की ती कोसळायची. तराफा बांधताना दोर कुणाच्या तरी पायालाच गुंडाळला जायचा. विनोदासाठी बेटासारखी जागा नाही, असं माझं मत आहे. पळून जायला वाटच नसते.

संध्याकाळी ही बातमी मी मोरेश्वररावांना सांगितली. मोरेश्वरराव मागच्या वर्षी स्टोअर्स खात्यातून निवृत्त झाले आणि शहरात सोडाल्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. पण सल्ला द्यायला ते रोज कॉलनीतच येतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"डबा उघडलात?"

"अजून नाही."

"उघडू नका. सर्जेराव, त्या पिक्चरनं माणूस गेलाय."

शहाऐंशी सालच्या दिवाळीची ती गोष्ट. इन्स्टिट्यूटमध्ये दर शनिवारी चित्रपट दाखवत. मोरेश्वरराव तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. त्या खेळाला शामराव गार्ड आले होते. मालगाडीवरचे गार्ड, मूळचे मिरजेचे, आणि अख्ख्या डिव्हिजनमध्ये न हसणारा माणूस म्हणून प्रसिद्ध. मुलगा झाला तेव्हा हसले नाहीत, बढती मिळाली तेव्हा नाही. एकदा पाहणीला आलेला मोठा साहेब प्लॅटफॉर्मवरून थेट चुन्याच्या ढिगात पडला. सगळं स्टेशन तोंड फिरवून हसलं. शामरावांनी घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली.

"अर्धा पिक्चर झाला असेल," मोरेश्वरराव आवाज उतरवून म्हणाले. "तिसऱ्या रांगेतून एक आवाज यायला लागला. आम्हाला आधी वाटलं, मशीन बिघडलं. बघतो तर शामराव हसत होते. थांबेचनात. हसता हसता खुर्चीवरून खाली घसरले. मशीन बंद करून दिवे लावले तोवर कारभार आटोपला होता. तोंड तसंच, हसरं. डॉक्टर म्हणाले हार्ट. पण कमिटीनं ठराव केला, हा पिक्चर नष्ट करावा."

"हसले कशाला पण?"

"ते कुणाला माहीत? आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो. पडद्याकडे कोण बघतंय."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी डबा रीतसर मागायला मी इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरींकडे, माथुरसाहेबांकडे गेलो. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. फिल्म एक, तीन साक्षीदारांसमक्ष जाळून नष्ट केली. खाली तीन सह्या.

"जो चीज़ नष्ट हो चुकी है, वह मैं आपको इशू कैसे करूँ?" माथुरसाहेबांनी विचारलं.

"पण साहब, ती तर तिथे पडलीय."

"वह आपकी आँखों का मामला है। मैं रजिस्टर देखता हूँ।"

तीन दिवस मी खेटे घातले. डबा आहे असं म्हटलं तर तीन साक्षीदार खोटे ठरत होते, आणि तिघंही मरून गेले असल्यामुळे त्यांचा खुलासा मागवता येत नव्हता. नाही म्हटलं तर मी तीन दिवस कशासाठी येतोय, याचं उत्तर मला देता येत नव्हतं. शेवटी माथुरसाहेबांनी गेटपास फाडला, 'रिकामा डबा, नग एक'. पास देताना ते म्हणाले, "सर्जेरावजी, देखकर वापस मत लाना।"

मी डबा घरी आणला. तारामतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. तिचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, फक्त वास सहन होत नाही, असं तिनं सांगितलं. वास होता हे खरं. जुन्या फिल्मला शिरक्यासारखा आंबट वास सुटतो. बाल्कनीत दुपारच्या उन्हात पत्रा तापला की आतून मधूनच टक्क असा आवाज येई. उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, हे मी प्रज्ञाला समजावून सांगितलं. तरी कपडे वाळत घालायला ती बाल्कनीत जाईना. दोन दिवसांत समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या आमच्या बाजूनं बंद झाल्या. लिफ्टमध्ये मी शिरलो की लोक जिन्यानं जाऊ लागले. मी जन्मात कुणाचं वाईट केलेलं नाही, आणि आता माझ्याकडे बघून माणसं ओठ घट्ट मिटून घेत होती, चुकून हसू येऊ नये म्हणून.

कार्यक्रम रद्द करून टाकावा असं मी ठरवलं. त्याच दुपारी दार वाजलं. दारात कलावतीकाकू उभ्या होत्या. शामराव गार्डांच्या पत्नी. वय चौऱ्याऐंशी. नवरा गेल्यावर काही वर्षांनी अनुकंपेवर मुलाला, रणजीतला, नोकरी लागली. तेव्हापासून त्या त्याच्याजवळ, आमच्या मागच्या इमारतीत राहतात. लिफ्ट बंद असूनही एकट्या जिना चढून आल्या होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "डबा सापडला म्हणे तुला."

"काकू, मी तो परत देणार आहे."

"कशाला? दाखव की मला."

तारामतीनं उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं.

"तीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर," काकू म्हणाल्या. "हसलेलं कधी बघितलं नाही. लग्नाच्या फोटोत नाही, पोराच्या बारशात नाही. हसले ते तिथं, परक्या लोकांत, आणि गेले. मी घरी स्टोव्हवर आमटी उकळत ठेवून वाट बघत बसले होते. एवढं काय होतं त्यात? तेवढं बघायचंय मला. दुसरं काही नको."

"काकू, तो नुसता गमतीचा चित्रपट असतो हो."

"म्हणून तर," काकू म्हणाल्या.

आता माघार घेता येईना. पण रणजीत ऐकेना. त्याच्या आईला रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या, आणि घराण्यात एक माणूस या चित्रपटाला देऊन झाला होता. डॉक्टरांनी लेखी दिलं तर येऊ, असं तो म्हणाला. म्हणून मी काकूंना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, राजस्थानातलेच. मी विचारलं की यांना विनोदी चित्रपट चालेल का. त्यांनी विचारलं, किती विनोदी. मी म्हटलं, अजून पाहिलेला नाही, पण एक मनुष्य गेलेला आहे. त्यांनी पेन खाली ठेवून माझाच रक्तदाब तपासला. तो वाढलेला निघाला. त्याची गोळी मला अजून चालू आहे. काकूंना त्यांनी विचारलं, "माँजी, हँसी आती है?"

"देखा नहीं बहुत दिन से," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'चलेगा'.

राहिला प्रोजेक्टर. चारदीवारीत, म्हणजे जुन्या जयपुरात, रामगंजच्या मागच्या गल्लीत रमज़ान उस्ताद शिवणयंत्रं दुरुस्त करतात. तरुणपणी ते सिनेमाच्या मशीनवर होते. त्यांनी शिलाई मशीनचा पट्टा प्रोजेक्टरला बसवला, दिवा कुठूनतरी पैदा केला, आणि फिल्म बोटांतून सोडत, भिंगातून बघत हळूहळू तपासली. एका जागी त्यांचा हात थांबला.

"यहाँ जली है।"

चालती फिल्म थांबली आणि दिवा चालूच राहिला, तर समोरचं चित्र जळून भोक पडतं, हे त्यांनी मला समजावलं. म्हणजे त्या दिवशी खेळ इथेच थांबला होता. शामराव गेले ती जागा आमच्या समोर होती, बोटाच्या नखाएवढी, कडेला तपकिरी झालेली.

"जळल्याच्या अलीकडचं चित्र काय आहे?" मी विचारलं. मला स्वतःला भिंग डोळ्याला लावायचा धीर झाला नाही.

उस्तादांनी ते उजेडासमोर धरलं. बराच वेळ बघितलं. "एक आदमी बैठा है, एक झुका है। बस।"

त्यांनी जळका तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली आणि ती जागा कळावी म्हणून रिळात थोडी आधी पांढऱ्या कागदाची पट्टी घातली. मजुरी घेतली, पण खेळाला या म्हटलं तर नको म्हणाले.

रविवारी दुपारी चार वाजता हॉल भरला. मंडळाच्या कार्यक्रमाला तीसच्या वर माणूस कधी आला नव्हता. त्या दिवशी सत्तर आले. कुणी बोललं नाही, पण सगळे कशासाठी आले होते ते मला कळत होतं. खिडक्यांना काळे कागद लावले होते. कूलरच्या आवाजानं मुलं घाबरतील म्हणून कूलर बंद ठेवला होता, हे मोरेश्वररावांचं डोकं. त्यांनी फोनवर अँब्युलन्सचा नंबर दाबून अंगठा वर धरून ठेवला होता. इन्स्टिट्यूटचा पडदा उंदरांनी खाल्लेला निघाला आणि साधी पांढरी चादर बेचाळीस घरांत मिळाली नाही. जयपुरात राहून बगरूच्या छापाशिवाय चादर घेतच नाही कुणी. शेवटी तारामतीची छापाची चादर उलटी टांगली. उलट्या बाजूनं बुट्टे पुसट दिसत होते.

काकूंनी हॉलमध्ये येऊन विचारलं, "ते कुठं बसले होते?" मोरेश्वररावांनी तिसऱ्या रांगेतली कडेची जागा दाखवली. काकू तिथे बसल्या. पदर सारखा केला. शेजारी रणजीत, मांडीवर पाण्याची बाटली, मुठीत गोळी. मी प्रज्ञाला मशीनजवळ उभं केलं आणि दिवे घालवले.

आधी नुसता उजेड आला, मग समुद्र. एक बुटका आचारी आणि एक उंच, ताठ खलाशी लाटांतून किनाऱ्याला लागले. चादरीवरचे तांबूस बुट्टे त्यांच्या तोंडावरून फिरत होते. ते हलले की चेहऱ्यावर फूल उमटायचं आणि पुसलं जायचं. आचाऱ्यानं माडाला टेकून सुस्कारा सोडला आणि नारळ त्याच्या टोपीवर पडला. त्यानं तो रागानं फेकला, तो दुसऱ्या माडाला लागून तिथले चार खलाशावर पडले. दोघांनी मिळून तराफा बांधला, समुद्रात लोटायला गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तराफा माडाच्या भोवतीच बांधलाय. माकडानं आचाऱ्याची टोपी पळवली आणि ती घालून ते चुलीपाशी स्वयंपाक करू लागलं. प्रामाणिकपणे सांगतो, इतकं गमतीचं मी अनेक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि कुणी हसत नव्हतं.

सत्तर माणसं अंधारात श्वास धरून बसली होती. प्रोजेक्टरची खटखट तेवढी चालू होती. हसू दाबलेल्या माणसाचा श्वास कसा येतो ते मी तेव्हा ऐकलं. नाकातून, तुटक, दम लागल्यासारखा. असे सत्तर श्वास. मागे एक लहान मूल एकदा खुदकन हसलं आणि लगेच आवाज तुटला. आईनं तोंडावर हात ठेवला असावा. पडद्यावर माणसं धडाधड कोसळत होती आणि समोर डोक्यांच्या रांगा दगडासारख्या होत्या. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

प्रज्ञानं माझी बाही ओढली. "बाबा, पट्टी आली. मतलब, आता तेच."

बेटावर एक फळकुटाचं टेबल मांडलं होतं. खलाशी त्याच्यासमोर ताठ बसला होता, गळ्याला पानाचा रुमाल. आचाऱ्यानं मोठ्या हौसेनं ताट आणून ठेवलं. खलाशानं ते चाखलं नाही. नुसतं बघितलं आणि एका बोटानं ताट इंचभर पुढे सरकवलं. आचारी ताट घेऊन गेला. दुसरं आणलं. पुन्हा ते बोट, पुन्हा इंचभर. तिसऱ्या वेळी आचाऱ्यानं ताटात फूल खोचलं होतं. बोट पुढे आलं. चौथ्या वेळी आचाऱ्यानं ताट ठेवलं आणि तो तिथेच थांबला. खाली वाकून, नाक टेबलाला लावून, तो ताटाकडे येणाऱ्या बोटाकडे बघत राहिला, जणू कसला किडा सरपटत येतोय.

पडद्यावर एकदम पांढरा झटका बसला. जळकी जागा गेली.

तिसऱ्या रांगेतून आवाज यायला लागला.

आधी मलाही वाटलं, पट्टा सुटला. बारीक, कुरकुरत आलेला आवाज, मग मोठा होत गेलेला. कलावतीकाकू हसत होत्या. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून, पडद्याकडे बघत, अंग गदगदा हलवत. रणजीत "आई, आई" करत उठला. कुणीतरी दिवे लावा म्हणालं. सत्तर माणसं काकूंकडे वळली. मोरेश्वररावांनी अँब्युलन्स लावली, पण अंगठा भलतीकडे पडून ती कुठल्यातरी पिझ्झावाल्याला लागली आणि त्या अंधारात एक बाई गोड आवाजात त्यांना पत्ता विचारू लागली. मी मशीन बंद करायला हात पुढे केला.

"बंद करू नको," काकू हसता हसताच म्हणाल्या. "पुढं बघू दे. पुढचं कुणी बघितलं नाही."

खरंच होतं ते. म्हणून मी हात मागे घेतला. पडद्यावर आचाऱ्यानं आपलं एक बोट पुढे केलं आणि खलाशाला इंचभर ढकललं, खुर्चीसकट. आणखी इंचभर. वाळूवरून ओल्या वाळूत, तिथून पाण्यात. लाटेनं खुर्ची उचलली. खलाशी तसाच ताठ बसून, मागे न बघता, लांब लांब जात राहिला. माणसाचा ठिपका झाला, ठिपक्याचं काही उरलं नाही. आचारी टेबलाशी आला. समोर एक ताट मांडलं, आपल्यापुढे एक. आणि जेवायला न बसता, हात बांधून उभा राहिला.

काकूंचं हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. रीळ संपलं, टोक फटफट आपटू लागलं. मी दिवे लावले. काकू डोळे पुसत होत्या. चांगल्या धडधाकट होत्या.

"रोज असंच करायचे," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "ताट वाढलं की एका बोटानं सरकवायचे. बोलायचे काही नाहीत. मग मी आत जाऊन परत फोडणी द्यायची, परत आणायची. तीस वर्षं. मला वाटायचं, आपण काय करतो ते त्यांना ठाऊकच नाही." त्यांनी पदर सारखा केला. "त्या दिवशी ठाऊक झालं म्हणायचं."

रणजीत आईकडे बघत उभा होता.

"पहिल्यापासून लाव की रे," काकू मला म्हणाल्या. "मघाशी नीट हसता आलं नाही कुणाला."

मी रीळ परत गुंडाळून लावलं. या वेळी पहिल्या नारळालाच हॉल फुटला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली, मोरेश्वरराव खोकेपर्यंत हसले, आणि अठ्ठावीस वर्षांत प्रथमच कॉलनीनं माझ्याबद्दल चांगले उद्गार काढले. मग टेबलाचा प्रसंग आला. बोट पुढे आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हसण्याचा आवाज बदललाय. बायका हसत होत्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फक्त बायका. पुरुषांच्या बाजूला एकदम सामसूम होती. अंधारात तारामतीचा आवाज मला ओळखू आला. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो. फार थकलो होतो, पण समाधान होतं. हातपाय धुऊन जेवायला बसलो. तारामतीनं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि नेहमीसारखी आत गेली नाही. तिथेच उभी राहिली. प्रज्ञानं मोबाइल खाली ठेवला. दोघी माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. त्या कशाकडे बघताहेत म्हणून मीही बघितलं.

माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट ताटाच्या कडेला टेकलेलं होतं.

ते तिथे केव्हा गेलं, मला माहीत नाही. मी ते हळूच उचललं आणि जेवायला लागलो. भाजी कशी झाली होती ते आठवत नाही. दोनदा मागून घेतली.